साडेचार फुटांचं अर्थिंग

मी एका निवृत्त सुभेदाराला त्याच्याच अंगणात साडेचार फूट खोल खड्डा खणायला लावला. खड्ड्याची काहीही गरज नव्हती. सुभेदारांचं वय तेव्हा बासष्ट होतं, माझं अठ्ठावीस, आणि खणत ते होते. मी कढीपत्त्याच्या सावलीत उभा राहून "अजून थोडं" म्हणत होतो.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी सुभेदार सरतापे सांगायला हवेत.

सुभेदारांचं बोलणं संपलं की ते 'ओव्हर' म्हणायचे. पंचवीस-तीस वर्षं फौजेत वायरलेसवर काढलेली. वायरलेसवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. आपलं सांगून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, म्हणजे आता समोरच्याची पाळी. पेन्शन घेऊन ते साताऱ्यात आले, गोडोलीत आमच्या शेजारी घर बांधलं, बाकी सगळं फौजेत जमा केलं, पण 'ओव्हर' तेवढं घरी आणलं. "मेथी कवळी हाय का? ओव्हर," असं ते भाजीवालीला विचारायचे आणि सरावलेली भाजीवाली "कवळी हाय, ओव्हर" म्हणून जुडी पिशवीत टाकायची. गल्लीतल्या एका लग्नात कुणीतरी त्यांच्या हातात माईक दिला. ते म्हणाले, "नवरा-नवरीला शुभेच्छा. ओव्हर." आणि माईक नवरदेवाच्या तोंडासमोर धरून उभे राहिले. नवरदेव घामाघूम होऊन 'थँक्यू' म्हणाला तरी माईक हलेना. शेवटी करवलीनं त्याच्या कानात सांगितलं, तेव्हा 'ओव्हर' म्हणून त्याची सुटका झाली.

त्यांच्या मंडळींना, इंदूमावशींना, एक उपाय सापडला होता. सुभेदार काही नको ते काढायला लागले की त्यांचं 'ओव्हर' यायच्या आतच मावशी बोलायला सुरुवात करायच्या. सुभेदार गडबडून जायचे. दोन सेट एकदम बोलायला लागल्यावर काय करायचं हे त्यांना फौजेनं शिकवलं नव्हतं.

वायरलेसवर आणखी एक शब्द असतो, 'आऊट'. म्हणजे बोलणं मिटलं, आता उत्तर नको. तो शब्द सुभेदारांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "आऊट सेटाला म्हनायचं. माणसाला न्हाई. ओव्हर." सांडपाण्यावरून पलीकडच्या घराशी त्यांचं वाजलं होतं तेव्हा त्या घरानं बोलणं टाकलं. सुभेदार रोज सकाळी कंपाउंडच्या भिंतीशी जाऊन "नळाला पाणी आलं का? ओव्हर," म्हणायचे, अर्धा मिनिट थांबायचे आणि परत यायचे. जवळजवळ महिनाभर हे चाललं. एका सकाळी भिंतीपलीकडून "आलं" असं उत्तर आलं. सुभेदार घरात येऊन मावशींना म्हणाले, "संपर्क झाला. ओव्हर."

आता मी. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला जो उठेल तो कॉम्प्युटर क्लास काढत होता, मीही काढला. दोन खोल्या, चार कॉम्प्युटर, आणि बाहेर 'अत्याधुनिक' शब्द असलेली पाटी. मी पुण्यात तीन महिन्यांचा कोर्स केला होता आणि विद्यार्थ्यांच्या एक धडा पुढे राहून शिकवत होतो. कधीकधी तो एक धडाही राहायचा नाही. तरी गल्लीत मी 'मास्तर' होतो आणि मास्तरला 'माहीत नाही' म्हणता येत नाही, असा माझा समज होता. पुढचं सगळं त्या समजातून झालं.

एका दुपारी क्लास रिकामा होता, म्हणून मी गेम खेळत बसलो होतो. डोंगरातल्या वळणांच्या रस्त्यावरून गाडी पळवायचा गेम. मी सारखा दरीत जात होतो. मागं कुणीतरी उभं आहे हे कळायला मला बराच वेळ लागला. सुभेदार होते. हात मागं बांधून, पायांत अंतर ठेवून, पडद्याकडं बघत.

"हे एका हातानं चालतं का? ओव्हर."

मी चार बाणांची बटणं दाखवली, तीन बोटांत काम होतं म्हणून सांगितलं.

"आन् हे माझ्या मोठ्या टीव्हीवर दिसंल का? ओव्हर."

मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "आरामात. ओव्हर."

मोठा टीव्ही म्हणजे फौजी कँटीनमधून आणलेला एकोणतीस इंची. चित्र इतकं रेखीव की बातम्या देणाऱ्या बाईंच्या कानातल्या कुड्यांचे खडे मोजता यायचे. त्याला सुभेदारांनी जुन्या हिरव्या कांबळ्याची खोळ शिवली होती, पुढं सहा बटणं. टीव्ही बघायचा म्हणजे आधी त्याची बटणं काढायची. एवढा टीव्ही असून म्हाताऱ्याला गेम खेळायचा आहे, याची मला गंमत वाटली आणि मी ती चार ठिकाणी सांगितली.

आठवड्यात सुभेदारांनी कॉम्प्युटरही आणला. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यानं जुने काढले होते, त्यांतला एक. आडवा, चपटा डबा, मिठाईच्या खोक्यासारखा. कॉम्प्युटरचं चित्र टीव्हीवर न्यायचं तर त्यात तसं ग्राफिक्स कार्ड घालावं लागतं, ज्याच्या पाठीला टीव्हीची वायर लावता येते. मी ऐटीत पुण्याहून एक मागवलं. ते चांगलं लांबलचक आलं आणि त्या चपट्या डब्यात शिरेना. मी दाबून बघितलं, तिरकं करून बघितलं, शेवटी कानस काढली. सुभेदारांनी माझा हात धरला. "मास्तर, टोपी बसंना म्हनून डोकं तासायचं न्हाई. ओव्हर."

लहान कार्ड सांगलीत विश्रामबागेतल्या एका दुकानात आहे असं कळलं. मी म्हणालो, दोऱ्यानं माप घेऊन जाऊ. सुभेदारांना पटलं नाही. टोपी घ्यायची तर डोकं बरोबर न्यावं, असं म्हणून त्यांनी अख्खा डबा सतरंजीत बांधला आणि एस्टीत सातारा ते सांगली मांडीवर घेऊन बसले. कराडला एक बाई चढली, तिनं बराच वेळ गाठोड्याकडं बघून मायेनं विचारलं, "किती म्हैन्याचं हाय?" मी खिडकीबाहेर बघायला लागलो. सुभेदार म्हणाले, "सेकंडहँड हाय. ओव्हर."

कार्ड मिळालं. तळहाताएवढं, पाठीला एक पिवळं गोल भोक, डब्यात अलगद बसणारं. बरोबर इंग्रजीतलं एक बारकं पुस्तक होतं. सुभेदार ते चाळायला लागले तर मी त्यांच्या हातातून घेऊन खिशात टाकलं. "पुस्तकं वाचून हे येत नसतं, सुभेदार."

मग ते मला दुकानात चहा घ्यायला सांगून "जरा एका ठिकाणी रिपोर्ट देऊन येतो. ओव्हर" म्हणाले आणि तासाभरानं परत आले. येताना बसमध्ये बोलले नाहीत. कराडच्या स्टँडवर मी वडापाव घेतले आणि त्यांच्यापुढं धरले. ते म्हणाले, "नको." मी वाट बघितली. पुढं 'ओव्हर' आलं नाही. मला वाटलं, त्यांना गाडी लागली असणार. मी दोन्ही वडापाव खाल्ले.

साताऱ्याच्या स्टँडवर उतरताना ते एवढंच म्हणाले, "तिसऱ्या रविवारपतुर टीव्हीवर गाडी पळाया पायजे, मास्तर. कसंबी करून. ओव्हर."

घरी सगळं जोडलं. सुभेदारांनी खोळीची सहा बटणं काढली, मावशी हात पुसत येऊन बसल्या, मी बटण दाबलं. चित्र आलं, पण काळंपांढरं, आणि एका जागी थांबेना. खालून वर चढायचं, वर गेलं की पुन्हा खालून यायचं. मावशी म्हणाल्या, "डोंगर चढतीया जणू गाडी." मी म्हणालो, "ही सुरुवात आहे."

त्यानंतरचे दोन आठवडे मी जे जे केलं ते लिहायला लाज वाटते. वायर बदलली. वायर उलटी लावली. कौलावर चढून अँटेना फिरवली, जिचा या वायरीशी काडीचा संबंध नव्हता. टेबल डुगडुगतं म्हणून चित्र हलत असेल असंही माझ्या मनात आलं आणि खिशातलं ते बारकं पुस्तक घडी करून मी टेबलाच्या आखूड पायाखाली घातलं. टेबल स्थिर झालं. चित्र चढतच राहिलं.

प्रत्येक प्रयोगाला सुभेदार हजर. एक खुर्ची मला, बरोबर पडद्यासमोर. दुसरी स्वतःला, माझ्या डाव्या अंगाला. हात गुडघ्यांवर. मी किती वेळा म्हटलं, की तुम्ही बटणं दाबून बघा. ते म्हणायचे, "माझी जागा ही. ओव्हर." मला वाटायचं, बटणांना भितात. तेही मी चार ठिकाणी सांगितलं.

शेवटी एका सकाळी मी कपाळाला हात लावून म्हणालो, "अर्थिंग." माझ्यासारख्या अर्धवटाला हा शब्द फार उपयोगी पडतो. काय बिघडलंय ते कळलं नाही की अर्थिंग म्हणावं. दोष जमिनीत ढकलता येतो, आणि जमीन कधी उलट उत्तर देत नाही. मी सांगितलं, खोल खड्डा, त्यात तांब्याचा पत्रा, वर कोळसा आणि मीठ, रोज पाणी. सुभेदार कुदळ घेऊन उतरले. दोऱ्या लावून चौकोन आखला, कडा अशा उभ्या काढल्या की गवंड्यानं बघून शिकावं. मावशींच्या घरातलं सगळं मीठ त्यात गेलं. त्या म्हणाल्या, "आता खाराच्या मिरच्या टाका त्यात. टीव्ही न्हाई लागला तर निदान पोरंबाळं भाकरीसंगं खातील."

सुभेदार पाण्याच्या बादल्या आणायला मागं गेले, तेव्हा मी मावशींना हसत म्हणालो, "काकांना म्हातारपणी काय हे गेमचं खूळ लागलं?"

मावशींनी चहाची कपबशी माझ्या हातात दिली आणि कढीपत्त्याखाली बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते असं. सांगलीत बालेखान मुलाणी म्हणून सुभेदारांचा दोस्त होता. फौजेत ड्रायव्हर. वरच्या बर्फाच्या डोंगरांत सामान नेणारा ट्रक मुलाणी चालवायचा आणि डाव्या बाजूला मांडीवर सेट घेऊन सुभेदार बसायचे. एकदा उतारावर ब्रेक गेला. मुलाणीनं ट्रक दरीकडं जाऊ दिला नाही, डोंगराला घासत घासत थांबवला. त्या सगळ्या वेळात सुभेदार सेटवर आपण कुठं आहोत ते सांगत होते. पेन्शनीनंतर मुलाणीनं टेम्पो घेतला, सांगलीच्या हळदीच्या पेठेत चालवला. दिवाळीआधी त्याची डावी बाजू गेली. डोळ्यांनाही जवळचं, बारकं काही दिसेना. पोरांनी टेम्पो विकून टाकला, त्यांचंही बरोबरच होतं. पण तेव्हापासून मुलाणी भिंतीकडं तोंड करून बसतो. कुणी हाक मारली तर व्हय किंवा न्हाई, त्यापुढं शब्द नाही.

"ह्यांनी तुमच्याकडं ती गाडी बघितली आन् घरी येऊन मला म्हनले, बालेखानचा उजवा हात चांगला हाय," मावशी म्हणाल्या. "मोठ्या टीव्हीवर त्याला दिसंल. त्या दिवशी तुमच्यासंगं सांगलीला गेले तवा हेच सांगाया गेले हुते. त्यानं ऐकून बी घेतलं न्हाई. म्हनला, सुभेदार, आता येत जाऊ नका. आऊट."

मी कपबशी खाली ठेवली.

"त्याच्या लेकाला खोटं सांगून बोलावलंय. बालेखानला साताऱ्याला येऊन पेन्शनीच्या कागदावर सही करावी लागती म्हनून. तिसऱ्या रविवारी बापाला घिऊन येनार हाय तो. माज्या लग्नाला तीस वर्सं झाली, ह्यांचं खोटं मी पयल्यांदा ऐकलं. आन् तुमी खड्डं खणवा."

मी तो दिवस आणि पुढचे तीन दिवस गेमवर हसलो नाही. रोज जायचो, रोज खड्ड्यात पाणी घालायचो. चित्र चढत होतं. शनिवार आला. सकाळी मी ठरवलं, आज जाऊन खरं सांगायचं: सुभेदार, मला यातलं काही कळत नाही. 'ओव्हर'सुद्धा म्हणायचं. वाक्य दोनदा घोकून मी त्यांच्या दारात गेलो.

टेबल एका बाजूला कललं होतं. सुभेदार जमिनीवर बसले होते, डोळ्याला भिंग, मांडीवर ते बारकं पुस्तक, चार घड्या मोडून सपाट केलेलं. इंग्रजी मशिनींची इंग्रजी पुस्तकं वाचण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. डबा उघडा होता. त्यांच्या हातात काटा काढायचा चिमटा होता. सरतापे मूळचे माण तालुक्यातल्या एका गावचे. मेंढरांमागं बाभळीतून फिरणाऱ्या त्या मुलखात चिमटा कनवटीला असतोच.

"या," ते म्हणाले. "तुमचं कार्ड अमेरिकेत बसलंय, मास्तर. आपला टीव्ही साताऱ्यात हाय. ओव्हर."

कार्डाच्या कोपऱ्यात तिळाएवढी काळी टोपी होती, तीन बारक्या खिळ्यांतल्या दोनांवर बसवलेली. अकराव्या पानावर तक्ता होता. टोपी डावीकडं असेल तर अमेरिकेच्या पद्धतीचं चित्र, उजवीकडं केली की आपल्याकडच्या टीव्हीचं. सुभेदारांनी श्वास रोखला, चिमट्यानं टोपी उचलली आणि उजवीकडच्या दोन खिळ्यांवर बसवली. बटण दाबलं. डोंगर हिरवा आला, रस्ता काळा, गाडी लाल, आणि सगळं आपापल्या जागी उभं राहिलं.

मी खड्ड्याचं काही बोलणार होतो. सुभेदार म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. फौजेत खणलेला खड्डा वाया जात न्हाई. ओव्हर." कुठं उपयोगी पडेल ते त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी अकराच्या सुमाराला रिक्षा आली. मुलाणी उंच माणूस, पण एका बाजूला झुकलेला, हातात काठी. लेकाचा, सलीमचा, खांदा धरून अंगणातून येताना त्यांची काठी खड्ड्याच्या कडेवर अडखळली. सुभेदारांनी त्यांना सावरलं आणि खड्डा कशाचा ते थोडक्यात सांगितलं. कुणी खणायला लावला, तेही. मुलाणींनी ऐकलं की नाही ते कळलं नाही. आत आल्यावर त्यांना पडद्यासमोरच्या खुर्चीत बसवलं, तर त्यांनी मान भिंतीकडं फिरवली. सलीमनं कागद कुठाय म्हणून विचारलं. मावशींनी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

सुभेदार त्यांच्या डाव्या अंगाला बसले. हात गुडघ्यांवर. रोजच्यासारखेच. ती जागा कुणाची होती आणि त्यांच्या उजवीकडची खुर्ची त्यांनी तीन आठवडे कुणासाठी धरून ठेवली होती, हे मला तेव्हा उमगलं. मी नुसता खुर्ची गरम ठेवणारा माणूस होतो.

"बालेखान," सुभेदार म्हणाले, "फुडं घाट हाय. ओव्हर."

मुलाणींची मान भिंतीकडंच. सुभेदारांनी मला खुणावलं, चालवा. मी स्टूल घेऊन मुलाणींच्या उजव्या हाताशी बसलो, बटणांची पाटी त्यांच्यासमोरच्या पाटावर होती, तिच्यावर बोटं ठेवली आणि गाडी सोडली. मला चांगली चालवायची होती, खरंच सांगतो. आयुष्यात कुठली गोष्ट इतकी मनापासून केली नसेल. पहिल्या वळणाला दरीत गेलो.

पुन्हा सुरू केली. दुसऱ्या वळणाला दरीत. सलीम खोकला. तिसऱ्या खेपेला मी जरा हळू घेतली, तर उतारावर गाडी आपोआप सुटली आणि मी ब्रेकचं बटण सोडून भलतंच दाबलं. तेव्हा माझ्या पायाशी धप असा आवाज झाला. मुलाणींचा उजवा पाय चटईवर दाबला गेला होता, पंजा पुढं, टाच घट्ट. मान भिंतीकडून कधी वळली होती कोण जाणे. डोळे बारीक करून ते पडद्याकडं बघत होते. गाडी दरीत गेली तसे त्यांनी ओठ आवळले.

सुभेदारांनी तो पाय बघितला. समोर बघत राहिले, फक्त गुडघ्यावरचा हात उघडून पुन्हा मिटला.

मी चौथ्यांदा गाडी सोडायला बोट उचललं, तर माझ्या मनगटावर काठीची मूठ येऊन टेकली. मुलाणींनी ती तिथंच ठेवली आणि घसा खाकरला. सलीम पुढं सरकला. आवाज जाडाभरडा होता, एका बाजूनं घसरत येणारा, पण शब्दन् शब्द कळत होता.

"मास्तर, तुमी उठा. तुमी खड्डं खणवा, गाडीला हात लावू नका. ओव्हर."